रंजनाच्या वाचनाला दाखला कशाला?

पुसद, दारव्हा किंवा वणी अशा गावच्या एखाद्या वाचनालयात थोडा वेळ थांबले, तरी एक गोष्ट ध्यानात यावी. ऐतिहासिक कादंबरी नेणारे शिक्षक ‘मुलांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून’ असे कोणी न विचारताच सांगतात. विज्ञानकथा मागणारा विद्यार्थी अभ्यासाचे निमित्त पुढे करतो. नारायण धारपांची अद्भुतकथा नेणाऱ्याजवळ मात्र सांगण्यासारखे काहीच नसते. तो ती मुकाट्याने पिशवीत घालतो.

हा संकोच मराठीत पहिल्यापासून नव्हता. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत सरळ मान्य केले होते, की आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात चित्तवेधक असे फारसे घडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो. पुढे वास्तवाची चाड असणाऱ्या टीकाकारांनी अशा कादंबऱ्यांची यथेच्छ टवाळी केली. ती सर्वस्वी गैर होती असे नाही. परंतु तिच्याबरोबर एक रूढी रुजली. अद्भुताला साहित्याच्या दरबारी यावयाचे, तर उपयुक्ततेचा दाखला हवा. ‘मोचनगड’पासून (१८७१) चालत आलेल्या ऐतिहासिक कादंबरीला तो देशाभिमानाने दिला, विज्ञानकथेला विज्ञानप्रसाराने. धारपांना तो कोणीच दिला नाही.

वस्तुतः विज्ञानकथेला तरी या दाखल्याची गरज होती काय? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हा लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव. परीक्षकांनी कौल दिला तो खगोलशास्त्रज्ञाच्या कीर्तीला नव्हे, कथेला. विज्ञान समजावून देण्याचा आपला हेतू नारळीकरांनी कधी लपविला नाही. तथापि वाचक पान उलटतो ते पुढे काय होते या उत्कंठेने. वाटेत ज्ञान मिळाले तर मिळाले.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन अशाच एका दिवंगत शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले, आणि ते उचितच होते. परंतु येथील वाचकाने सदैव आपलेच दुःख वाचावे, ही अपेक्षा निर्दय आहे. नापिकी आणि कर्ज ज्याच्या घरातच वस्तीला आहे, त्याला वास्तवाची ओळख पुस्तकाने करून देण्याचे कारण नाही. दुपारभर तो अवकाशयानात किंवा गडाच्या भुयारात रमला, तर त्याला पलायनवादी कोणी म्हणावे? संध्याकाळी तो त्याच घरी परततो.

याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आज अनेक वाचनालयांची ओळख स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका अशीच होऊ लागली आहे. नोकरीची निकड पाहता त्याला नाव ठेवता येत नाही. मात्र ग्रंथखरेदीची यादी करताना चिटणीसांनी विज्ञानकथांसाठी, धारपांच्या फाटलेल्या प्रतींच्या जागी नव्या घेण्यासाठी थोडी रक्कम निःसंकोच बाजूला काढावी. त्या प्रती काही कपाटात पडून फाटलेल्या नाहीत.