सागरकाठी जमीन घेताना

रायपूरच्या तात्यापारा भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. समुद्रापासून इतक्या दूरच्या या वस्तीतही कोकणाची ओढ असणे स्वाभाविक आहे. निवृत्तीनंतर श्रीवर्धन किंवा गुहागर यांसारख्या गावाजवळ एक-दोन एकर जमीन घ्यावी, कौलारू घर, विहीर आणि आंब्याची चार झाडे असावीत, हे स्वप्न सुंदर आहे. परंतु त्यात आयुष्यभराची पुंजी गुंतणार असते. म्हणून ते डोळसपणे पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न कायद्याचा आहे. कोकणाला लागू असलेल्या 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 नुसार, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सामान्यतः विकता येत नाही. त्यासाठी कायद्यातील अपवाद किंवा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘पुढे सर्व जमवून घेऊ’ या दलालाच्या शब्दावर विसंबून दिलेली बयाणा रक्कम म्हणूनच धोक्यात असते. समुद्राजवळच्या बांधकामावरही बंधने आहेत. 1991 मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. 2011 व 2019 मध्ये नव्या अधिसूचना आल्या. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात घर बांधण्यापूर्वी हे नियम तपासणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. छत्तीसगडात खसरा आणि बी-1 पाहण्याची सवय असलेल्या माणसाने महाराष्ट्रात सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार वाचावयास हवेत. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. कोकणात एकाच सातबाऱ्यावर अनेक भावंडांची, चुलत्यांची नावे आढळतात. कोणी मुंबईत असतो, कोणी बहीण सासरी असते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीने दिला आहे. तरीही ‘बहिणीची सही काय, सहज मिळेल’ असे म्हणून व्यवहार पुढे रेटले जातात.

वकिलाने कागद पाहिले की खरेदीदाराची जबाबदारी संपली, असे पुष्कळांना वाटते. हे मत अपुरे आहे. जमीन बाजारभावाहून फार स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्त का, हे खरेदीदारानेच विचारले पाहिजे. त्या स्वस्ताईत एखाद्या सहहिस्सेदाराचा डावललेला वाटा दडलेला असू शकतो. असा व्यवहार पुढे न्यायालयात अडकतो. न अडकला तरी अन्याय हा अन्यायच राहतो.

शिवाय जमीन म्हणजे केवळ देखावा नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीला पाणी किती राहते, वाट कोणाच्या शेतातून जाते, पावसाळ्यात घराची देखभाल कोण करील, हे आधी पाहावे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. पिढ्यांच्या कष्टाने वाढलेली झाडे काही तासांत गेली. ती पुन्हा उभी करण्यासाठी तेथेच राहणारी माणसे लागतात.

म्हणून खरेदीपूर्वी त्या गावात भाड्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा. शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यावी, सर्व हिस्सेदारांना प्रत्यक्ष भेटावे. यात एक वर्ष जाईल. पण घाईने गमावलेली पुंजी उतारवयात पुन्हा मिळवता येत नाही.