शिक्षेच्या काळात शरीर राखण्याचा हक्क: बंदी व कुटुंबीयांचे मागणीपत्र

प्रति,
राज्याचे गृह खाते व कारागृह प्रशासन, महाराष्ट्र

विषय: कारागृहांतील बंद्यांचा व्यायाम, आहार, तपासणी व उपचार

शिक्षा भोगून बाहेर आलेले बंदी आणि आत असलेल्यांचे कुटुंबीय यांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. न्यायालय स्वातंत्र्य काढून घेते. तब्येत काढून घेण्याचा आदेश कोणत्याही निकालपत्रात नसतो. आत गेल्यावर अनेक जण तंबाखू सोडायची, वजन उतरवायचे, साखर आटोक्यात आणायची असे पक्के ठरवतात. ठरवणे बंद्याच्या हातात आहे. त्यासाठी लागणारी वेळ, जागा, अन्न आणि डॉक्टर प्रशासनाच्या हातात आहेत. आमच्या मागण्या एवढ्याच चार गोष्टींच्या आहेत.

सर्वांत आधी व्यायामाची वेळ. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी 23व्या नियमानुसार, उघड्यावर काम नसलेल्या प्रत्येक बंद्याला हवामान पाहून रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळाला पाहिजे. प्रत्यक्षात बराक उघडी असते त्याच वेळात नळावरची रांग, आंघोळ, कपडे, गिनती, मुलाकात आणि जेवणाचे वाटप उरकायचे असते. शिक्षा झालेल्याची कारखान्यात किंवा शेतीवर थोडी तरी हालचाल होते. न्यायबंद्याला काम नसते. तो दिवसाचा मोठा भाग बसून काढतो, आणि असे महिने, कधी वर्षे जातात.

म्हणून प्रत्येक सर्कलचे वेळापत्रक ठरवून रोज 60 मिनिटे फक्त व्यायामासाठी राखावीत. त्यात गिनती किंवा पाणी भरणे येऊ नये. वेळापत्रक मराठी व हिंदीत बराकीबाहेर लावावे. एकाच मैदानावर सगळ्यांना सोडणे धोक्याचे असेल तर तुकड्या पाडाव्यात. पावसाळ्यात व्हरांडा किंवा सभागृह वापरावे. लोखंडी वजने आम्ही मागत नाही. सूर्यनमस्कार, दंड-बैठका, चालणे आणि कबड्डी यांना फक्त मोकळी जागा लागते. शिकवणारेही आतच सापडतील: जाणत्या बंद्यांना प्रशिक्षण देऊन नेमावे आणि त्या कामाची नियमाप्रमाणे मजुरी द्यावी.

याला दोन अटी आहेत. व्यायाम सक्तीचा नसावा. आणि शिस्तभंगाची शिक्षा म्हणून हा तास कोणाचाही काढून घेऊ नये, स्वतंत्र कोठडीतल्या बंद्याचासुद्धा नाही.

महिला विभागाचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण तो बहुधा पुरुषांच्या कारागृहाचा एक कोपरा असतो आणि मोठे मैदान दुसऱ्या बाजूला राहते. महिलांसाठी त्या मैदानाचा स्वतंत्र तास ठरवावा. सहा वर्षांपर्यंतची मुले आईसोबत आत राहू शकतात. धावण्या-खेळण्याच्या वयातल्या त्या मुलांनाही तो तास मिळावा. महिलांची हिमोग्लोबिन तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी.

आता मोजमाप. 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या 35व्या कलमाने श्रम करणाऱ्या बंद्याचे वजन दर पंधरा दिवसांनी त्याच्या हिस्ट्री तिकिटावर नोंदवण्याचे कर्तव्य वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकले होते. परक्या सरकारला ही नोंद आवश्यक वाटली होती. आज निदान महिन्याला वजन आणि रक्तदाब, तर चाळिशीपुढील बंद्यांची दर तीन महिन्यांनी रक्तातील साखर तपासावी. न्यायबंद्यांनाही यात धरावे. नोंदीची प्रत बंद्याला मिळावी. आकडा डोळ्यांसमोर नसेल तर सुधारणा होते आहे की घसरण, हे त्याला कळणार कसे? खर्च वजनकाट्याचा, रक्तदाब यंत्राचा आणि तपासणीच्या पट्ट्यांचा.

जेवणाबाबत तक्रार चवीची नाही. संध्याकाळचे जेवण बराक बंद होण्याआधी वाटले जाते आणि त्यानंतर सकाळपर्यंत काही मिळत नाही. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यासाठी हे अंतर घातक ठरू शकते. अशा बंद्यांना रात्रीसाठी भाकरी-चण्यासारखा कोरडा आहार सोबत द्यावा. कॅन्टीनमध्ये फरसाण आणि बिस्किटांच्या जोडीला शेंगदाणे, फुटाणे, अंडी, ताक व मोसमी फळे छापील किमतीपेक्षा जास्त न घेता मिळावीत.

आमच्या सदस्यांचा सर्वाधिक संताप उपचारांबाबत आहे. डॉक्टर सरकारी रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी देतात, तारीख मिळते, आणि पोलीस गार्ड आला नाही म्हणून ती चुकते. पुढची तारीख महिन्याने. तातडीच्या रुग्णाला त्याच दिवशी, इतरांना सात दिवसांत रुग्णालयात न्यावे. गार्ड न मिळाल्यास कारण लेखी नोंदवून ते जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवावे. ज्या तपासणीला प्रत्यक्ष जाण्याची गरज नाही तिच्यासाठी न्यायालयीन तारखांची व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची खोली रिकाम्या वेळेत वापरावी. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी ई-संजीवनी ही सरकारी सेवा उपलब्ध आहेच. बंद्याला रुग्णालयात दाखल केल्यास 24 तासांत घरी कळवावे. कुटुंबाला हे शेजारच्या बंद्याच्या मुलाकातीतून कळावे, हे आम्ही यापुढे चालू देणार नाही.

बदली किंवा सुटका होताना वैद्यकीय कागद आणि किमान 15 दिवसांची औषधे सोबत द्यावीत. क्षयरोगाचा साधा उपचारही सहा महिन्यांचा असतो. मध्येच खंड पडला तर औषधांना दाद न देणारा क्षय होण्याचा धोका असतो, आणि तो भरलेल्या बराकीत पसरतो.

गर्दी एका आदेशाने हटणार नाही, हे आम्ही जाणतो. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशभर 100 जागांमागे 131 बंदी होते आणि महाराष्ट्र त्या सरासरीच्या बराच वर होता. आदर्श कारागृह नियमावली बराकीत प्रत्येकासाठी 3.71 चौरस मीटर जागा सांगते. ती मिळेपर्यंत मोकळ्या हवेतला तास अधिकच गरजेचा आहे. तोवर प्रत्येक बराकीच्या दारावर मंजूर संख्या आणि त्या दिवशीची संख्या लिहावी.

व्यायामाचे वेळापत्रक 30 दिवसांत, वजन-रक्तदाबाच्या नोंदी 90 दिवसांत आणि उर्वरित बाबी सहा महिन्यांत अमलात याव्यात. अंमलबजावणीची तपासणी अभ्यागत मंडळाने दर तिमाहीत करावी आणि अहवालाची प्रत आम्हाला मिळावी. या पत्राचे मुद्देनिहाय लेखी उत्तर 30 दिवसांत अपेक्षित आहे. त्यानंतर आमच्यासोबत बैठक घ्यावी आणि तिला वैद्यकीय अधिकारी व पोलीस गार्डची जबाबदारी असलेले अधिकारी दोघेही हजर असावेत. उत्तर न आल्यास हेच मागणीपत्र याचिकेला जोडून आम्ही उच्च न्यायालयात जाऊ.