खाटा मोजता, मग सिस्टर का मोजत नाही?

सरकारी रुग्णालयात आपले माणूस दाखल केलेल्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे. सलाइन संपत आलेले असते, हाका मारूनही सिस्टर येत नाहीत आणि टेबलापाशी जावे तर तिथेही कुणी नसते. मी त्याच वॉर्डात काम करणारी अधिपरिचारिका आहे. हाक ऐकू येते, पण येता येत नाही. ते का, आणि याला जबाबदार कोण, हे नागरिकांसमोर मांडलेच पाहिजे.

1. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साधा आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, म्हणजे एका पाळीत नऊ खाटांमागे एक. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी 30 टक्के जादा. आता हिशेब तुम्हीच करा. 45 खाटांच्या वॉर्डात रात्री पाच सिस्टर हव्यात. मी बहुतेक रात्री दोघीच पाहिल्या आहेत, आणि एक आजारी पडली की एकटीच. पावसाळ्यात तापाची साथ आली की 45 खाटांवरचे रुग्ण 60 होतात, कारण सरकारी रुग्णालय कुणाला परत पाठवत नाही, आणि पाठवूही नये. जास्तीच्या रुग्णासाठी खाली गादी घालता येते. सिस्टर कुठून आणायची? शुश्रूषा करायला माणूसच नसेल, तर आपण त्या रुग्णाला उपचार देत नाही, फक्त जागा देतो.

2. सकाळी सहाच्या डोसचे उदाहरण घ्या. व्हायल फोडायची, औषध पाण्यात विरघळवायचे, केसपेपरवरचे नाव आणि खाटेवरचा माणूस एकच आहे ना हे पाहायचे, इंट्राकॅथ चालू आहे की हात सुजला आहे ते तपासायचे, औषध सावकाश सोडायचे, सही करायची. नीट केले तर एका रुग्णाला पाच मिनिटे लागतात. साठ रुग्णांना पाच तास. दोघींनी वाटून घेतले तरी अडीच-अडीच तास, तेही मध्ये कुणी हाक मारली नाही तर! शिवाय रक्ताचे नमुने घ्यायचे, शुगर तपासायची, टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) लिहायचा, लघवीच्या पिशव्या मोजायच्या. एखाद्याला धाप लागली की सगळे टाकून ऑक्सिजनकडे धावायचे. पहाटे कुणी दगावले तर त्याच्या घरच्यांजवळ क्षणभर तरी थांबायचे. म्हणून सहाचा डोस चारला सुरू होतो आणि शेवटच्या खाटेशी पोचेपर्यंत सकाळची पाळी ओव्हर घ्यायला दारात उभी असते. झोपेतून साडेचारला उठवले म्हणून तुमचे आजोबा माझ्यावर चिडतात, ते मला समजते. पण आठ तासांच्या अंतराने द्यायचे औषध कधी सहा तासांनी, कधी दहा तासांनी जाते, हे त्यांना कोण सांगणार? पाच मिनिटांचे काम दोन मिनिटांत उरकायला लावणाऱ्या व्यवस्थेत चूक अचानक होत नाही, ती ड्युटीच्या तक्त्यातच मांडून ठेवलेली असते.

3. आमच्या ताणाबद्दल 12 मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, बरेच बोलले जाते. गुलाबाचे फूल मिळते, ताणमुक्तीवर व्याख्यान होते. नाइट करून आलेल्या सिस्टरही ते डोळे ताणून ऐकतात. ज्या बाईला आठ तासांत लघवीला जायला सवड मिळत नाही, जिचा साप्ताहिक ऑफ आयत्या वेळी रद्द होतो, तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काय होणार? तिला शेजारी आणखी दोन हात हवे आहेत.

4. आता जबाबदारीचे पाहू. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि 11 रुग्णांचा जीव गेला. भंडाऱ्यात कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपवल्या गेल्या, नगरमध्ये एका डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक झाली. हलगर्जी झाली असेल तर चौकशी व्हायलाच हवी, परिचारिकेचीही. ज्या आईचे बाळ गेले तिला उत्तर मिळालेच पाहिजे. पण इमारतीचे वायरिंग तपासणे सिस्टरचे काम आहे का? आग विझवण्याच्या यंत्रणेला निधी द्यायचा की नाही, हे ती ठरवते का? ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्याचे समोर आले, त्यांतली 12 नवजात बालके होती. साऱ्या राज्याने काय पाहिले? एक खासदार कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेत आहेत. त्या झाडूने एकही रिक्त पद भरले गेले नाही.

5. पदे का भरत नाहीत? खाटांची घोषणा करता येते, इमारतीची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. परिचारिकेच्या पदनिर्मितीचा प्रस्ताव मात्र फायलीत फिरत राहतो. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात एकाच दिवशी 10 सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. चांगलेच झाले, गडचिरोली-हिंगोलीच्या मुलांनी डॉक्टर व्हायलाच हवे. त्या रुग्णालयांत रात्रपाळीला किती परिचारिका असतील, हे त्या दिवशी कुणी विचारले? त्याच वर्षी राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. परदेशी जाणाऱ्या मुलींना मी मुळीच दोष देत नाही. तिथे त्यांना मान आणि कायम नोकरी मिळत असेल तर त्यांनी जरूर जावे. इथे मात्र कंत्राट, अकरा महिन्यांचा आदेश आणि पुन्हा अर्ज! मे 2022 मध्ये राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतामार्फत भरती नको ही त्यांची मुख्य मागणी होती. रुग्णांना वेठीला धरता, असे आम्हाला ऐकवले गेले. वर्षानुवर्षे पदे रिकामी ठेवणाऱ्यांनी रुग्णांना किती काळ वेठीला धरले आहे?

6. खासगी रुग्णालयांतल्या मुलींची अवस्था याहून वाईट आहे. 29 जानेवारी 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर समिती नेमायला सांगितले. 50 खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस त्या समितीने केली. 200 खाटांवरच्या रुग्णालयांत तर राज्य सरकारइतकाच पगार. तुमच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये आज काय देतात, विचारून पाहा. बिलात नर्सिंग चार्जेस म्हणून तुम्ही मोजलेले पैसे शुश्रूषा करणारीपर्यंत पोचत नाहीत.

7. सुरक्षेबाबत राज्याने 2010 मध्ये कायदा केला. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलक लागले, कलमे छापली, तरी रात्री दोन वाजता पंधरा नातेवाईक वॉर्डात घुसतात तेव्हा दारावर कुणी नसते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. 18 मे 2015 रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली चार दशके त्या अंथरुणाला खिळून होत्या; केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले, अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. शुश्रूषा म्हणजे काय हे त्यांनी देशाला दाखवून दिले. आणि आज, इतक्या वर्षांनी, राज्यातल्या कितीतरी रुग्णालयांत परिचारिकेला कपडे बदलायला कडी लागणारी खोली नाही. या एका खोलीसाठी कोणता निधी कमी पडतो?

8. मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोज, प्रत्येक पाळीला, फळ्यावर दोन आकडे लिहिले जावेत: आज रुग्ण किती आणि परिचारिका किती. नव्या खाटांना मंजुरी देणाऱ्या आदेशातच परिचारिकांची पदे मंजूर व्हावीत, नंतरच्या प्रस्तावावर ती सोडू नयेत. दुर्घटनेच्या चौकशीत पहिला प्रश्न हा असावा की त्या पाळीला नेमणुका किती हव्या होत्या, किती होत्या आणि कमी असल्याचे लेखी कुणाला कळवले होते. रुग्ण कल्याण समितीवर तुमचे लोकप्रतिनिधी बसतात. पुढच्या बैठकीत त्यांनी हे दोन आकडे मागावेत, आणि त्यांनी मागितले का, हे तुम्ही त्यांना विचारावे.