काळा पडलेला प्लग आणि दोन आकड्यांचा हिशेब



सोलापुरातल्या एका भगिनीने विचारले आहे : पाणी तापवायचा रॉड लावला की प्लग चटका बसेल इतका तापतो, पिना काळ्या पडतात, एका हिवाळ्यात दोन प्लग बदलले. शेजारी म्हणतात व्होल्टेज जास्त येते, दुकानदार म्हणतो माल हलका होता. खरे काय?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. विजेच्या बाबतीत ही पारख फार सोपी आहे. त्यासाठी सातवी-आठवीचा गुणाकार-भागाकार पुरतो.

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, वायरमधून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये. प्रवाहाला जी अडवणूक होते ती विद्युत रोध, तिचे माप ओहम. नळाला दाब किती, धार किती आणि तोटी किती आवळलेली, तसेच हे. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट, म्हणजे शक्ती. पहिला नियम जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. तो कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याच्या देशातल्या विद्वानांनी आधी त्याची दखलच घेतली नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिले, तेव्हा कुठे मान मिळाला.

आता रॉडकडे येऊ. त्यावर १५०० वॅट, २३० व्होल्ट असे छापलेले असते. १५०० ला २३० ने भागा. साडेसहा अँपिअर आले. घरातल्या लहान सॉकेटवर पाहा, ५ किंवा ६ अँपिअर लिहिलेले दिसेल. म्हणजे सॉकेटच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह आपण रोज सकाळी त्यातून ओढतो. दाब बरोबर असला तरी हे घडणारच. या रॉडला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट आणि तिथपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. मोठी पिन बसत नाही म्हणून छोटा प्लग जोडून घेणारे खूप आहेत. प्लग जळतो तो तिथे.

पण पिनाच काळ्या का पडतात? रॉडचा स्वतःचा रोध २३० भागिले साडेसहा, म्हणजे सुमारे ३५ ओहम. पिन सैल झाली, स्क्रू ढिला राहिला की त्या जागी आणखी रोध तयार होतो. तो फक्त १ ओहम धरा. उष्णतेचा हिशेब असा की, प्रवाहाला प्रवाहानेच गुणायचे आणि मग रोधाने. उत्तर ४० वॅटच्या आसपास येते. एका जुन्या ४० वॅटच्या बल्बची आग हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडली, तर प्लास्टिक वितळणार नाही तर काय होईल? भिंतीला भिंत लागून असलेल्या आपल्या वस्त्यांत ही ठिणगी एका घरापुरती राहत नाही. आणि फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणे म्हणजे राखणदारालाच झोपवणे.

दुसरा समज असा की व्होल्टेज कमी आले की रॉड बिल खातो. हेही तपासू. दाब १८० व्होल्टवर उतरला. रोध तोच ३५ ओहम. प्रवाह ५ अँपिअरच्या थोडा वर, शक्ती सुमारे ९२० वॅट. म्हणजे दाब पाव हिश्श्याहून कमी उतरला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. वीस लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला २३ मिनिटे लागत होती, तिथे आता ३८ लागतील. वीज मात्र दोन्ही वेळा अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त, कारण १००० वॅट एक तास चालले की एक युनिट. वेळ लांबल्याने थोडी उष्णता हवेत जाते, तेवढाच फरक.

यंत्रमागावर काम करणाऱ्या बांधवांनी मात्र हा हिशेब मोटारीला जसाच्या तसा लावू नये. मोटारीत व्होल्ट गुणिले अँपिअर याला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते. २३० व्होल्ट, ६ अँपिअर, फॅक्टर ०.८ असेल तर वॅट १३८० नव्हेत, ११०४. शिवाय मागाचा भार तोच राहतो, म्हणून दाब उतरला की मोटार उलट जास्त प्रवाह ओढते. ६ चे साडेसात अँपिअर झाले तर वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून वर जाते. कमी दाबात मोटारी जळतात त्या यामुळे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि विजेचे धोरणही त्याच खात्याकडे होते. उद्योग वाढायचे तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हे त्यांनी १९४३ सालीच मांडले. ती वीज आज घरात आली आहे. तिचा हिशेब घरच्या मुला-मुलींना करू द्या. वहीत प्रत्येक वस्तूचे वॅट लिहा, एका बोर्डावरचे वॅट मिळवा, २३० ने भागा. इस्त्री १००० आणि रॉड १५०० एकाच मल्टिप्लगवर असतील तर जवळजवळ ११ अँपिअर झाले. प्रवाह मोजायचाच असेल तर वायरमनकडून चिमटा-मीटरने मोजून घ्या, साधा मीटर सॉकेटमध्ये खुपसून प्रवाह पाहू नका. आणि बादलीतल्या पाण्याला हात लावण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढा.

अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेविषयी पुढील अंकात.