मजूर कोणत्या पारड्यात?

दिल्लीतून कांद्याबद्दल फर्मान निघालं की त्यात एक शब्द हमखास असतो : समतोल. शेतकरी आणि ग्राहक यांच्यात सरकार समतोल साधतंय म्हणे. म्हणजे तराजूला पारडी दोन. एकात कांदा पिकवणारा, दुसऱ्यात विकत घेणारा. मग ज्या बाईनं तो कांदा लावला, खुरपला, उपटला, पात कापून गोणीत भरला, ती कुठं बसली? तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणून ती शेतकरी नाही. आठवडी बाजारात ती पाव किलो घेते, तोही बाजूला टाकलेल्या ढिगातला, म्हणून ग्राहकातही तिला कोणी मोजत नाही.

ती माझी आय आहे. निरगुडसरची.

निरगुडसर म्हटलं की लोक म्हणतात, मंत्र्याचं गाव. दिलीप वळसे पाटील इथलेच. ते विधानसभेचे अध्यक्ष झाले, गृहमंत्री झाले, सहकारमंत्री झाले. तालुक्यात डिंभ्याचं पाणी खेळलं, ऊस आला, कारखाना आला, कांद्याच्या बराखी उठल्या. त्या धरणाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार, 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि चिरडला गेला. नाव कामगाराचं, पाणी जमीनवाल्याचं. आमच्या वस्तीत बराख नाही. बराखीला आधी कांदा लागतो आणि कांद्याला आधी रान.

8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टात 40 टक्के निर्यातशुल्क लावून झालंच होतं. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क मानेवर ठेवून. शुल्क पुरतं गेलं 1 एप्रिल 2025 ला. या काळात पेपरांनी रकानेच्या रकाने भरले. शेतकरी बोलले, व्यापारी बोलले, निर्यातदार बोलले. त्यांचं नुकसान मी खोटं म्हणत नाही. दोन एकरवाल्या कुणब्याचं मरण मलाही दिसतं. पण भाव पडल्यावर त्यानं पहिली कात्री कुठं लावली? खतवाला उधारी सोडत नाही, सोसायटीचं व्याज थांबत नाही. त्याच्या हिशोबात वाकवता येणारा आकडा एकच, बाईचा रोज. काढणीच्या उक्त्याचा दर खाली आला. आणि तोही हातात नाही. "मंचरची पट्टी आली की देतो." पट्टी आली तेव्हा पट्टीतच काही नव्हतं.

मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला, न्हावा-शेवाला. आय उपटते तसल्याच कांद्याच्या गोण्या मी कंटेनरात थप्पीला लावतो. बंदी आली तेव्हा भरलेले कंटेनर बंदरात अडकून पडले. मुकादम म्हणाला, उद्या येऊ नको, निरोप धाडतो. कागदावर मी कुणाचाच कामगार नाही. ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस. 1948 च्या कायद्यानं गोदी कामगारांची नोंदणी झाली, मुंबईत बोर्ड झालं, नोंदलेल्या माणसाला जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायचे. जुने लोक हे सांगतात तेव्हा आमची पोरं हसतात, थापा वाटतात त्यांना.

तर एका फर्मानानं एका घरातले दोन रोज बुडाले. कांदा स्वस्त झाला का? झाला ना. घ्यायला पैसे नव्हते, एवढंच. आणि महागला तर मजुरी चढते का? तेव्हा ऐकायला मिळतं, यंदा निम्मा बराखीत सडला.

हे कोडं सोडवायला आम्हाला बामणी अर्थशास्त्र नको. बाबासाहेबांनी 1923 साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला. त्यातलं म्हणणं साधं आहे. रुपया घसरला की निर्यातदार खूश होतो, पण त्याचा नफा आभाळातून पडत नाही, मजुराच्या ताटातून जातो. कारण भाव आधी चढतात आणि मजुरी मागं रखडते. शंभर वर्षं झाली. आम्ही त्यांचे फोटो लावले, ग्रंथ नाही उघडला.

आता पंधराशेचं. जुलै 2024 पासून लाडकी बहीण. आयच्या खात्यात पैसे येतात, ती ते घेते, घ्यावेतच. पण त्याला ओवाळणी म्हणू नका. 2017 ते 22 सप्टेंबर 2025 पर्यंत माझ्या बहिणीच्या शाळेच्या वहीवर 12 टक्के जीएसटी होता, घरातल्या साबणावर 18. आठ वर्षं वसूल केलं. मग घेणं थांबवलं किंवा कमी केलं आणि त्याचं नाव ठेवलं बचत उत्सव! गॅसचा सिलिंडर मार्च 2023 मध्ये मुंबईत 1102 रुपये 50 पैशांवर गेला, तेव्हा कुठं गेले होते हे भाऊ?

आणि ओवाळणीचं ताट कुणाच्या घरातून उचललं तेही ऐका. एप्रिल 2025 च्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास खात्याचे 335 कोटी 70 लाख वळवले. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट खुद्द चिडून बोलले. सफाई अशी की लाभार्थ्यांत दलित-आदिवासी बायकाही आहेत. वा रे हिशोब! म्हणजे बाकीच्या बहिणींना सरकारच्या तिजोरीतून, आणि माझ्या आयला तिच्याच पोरांच्या शिष्यवृत्ती-वसतिगृहाच्या खात्यातून. माझा पणजा येसकरपाळीला दारोदार भाकर गोळा करायचा. राबणूक वर्षभराची, पण गाव तिला भीक म्हणायचं. कामाचा दाम बुडवायचा आणि भाकर वाढायची, ही त्यांची जुनी रीत. आता ती ऑनलाइन झालीय.

सरकारी नोकराला महागाई भत्ता आहे, वर्षातून दोनदा. द्या, त्याला आमची ना नाही. तोच कांदा काढणीच्या रोजाला लावा. रोज पट्टीच्या आधी द्या. आणि निर्यात बंद करायचीच असेल तर बांधावरच्या आणि यार्डातल्या बुडालेल्या हजेरीची भरपाई त्याच फर्मानात लिहा. पुढचा कांदा निघायच्या आत हा ठराव निरगुडसरच्या ग्रामसभेत टाकतोय. सूचक म्हणून आयची सही झालीय. अनुमोदनाची जागा मोकळी आहे.