जुने म्हणजे नेमके केव्हाचे?

'पिढी' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. "तुमची ही पिढी..." अशी वडीलधाऱ्यांनी सुरुवात केली की पुढचे वाक्य आपल्याला पाठच असते. आपणही "मागच्या पिढीचे विचार" एवढे म्हणून समोरच्याला निकालात काढतो. माणसांच्या बाबतीत धूसर असलेला हा शब्द यंत्रांच्या बाबतीत मात्र विलक्षण काटेकोर होऊ शकतो. ॲपल कंपनीच्या आयपॉड या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राच्या पिढ्या ओळखण्याचा नाद मला गेली दोन वर्षे लागला आहे. "बंद पडलेल्या डब्यांच्या जाती शोधून काय मिळवणार?" असे मित्र विचारतात. प्राध्यापक विचारत नाहीत, नुसते हसतात. त्या प्रश्नाला आणि त्या हसण्यालाही उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला आयपॉड २००१ च्या ऑक्टोबर महिन्यात आला. पाच गिगाबाइटची हार्ड डिस्क, ३९९ डॉलर किंमत आणि हजार गाणी खिशात मावतील अशी जाहिरात. त्याच्या अंगावर 'पहिली पिढी' असे काही लिहिलेले नव्हते. ते असणारही कसे? धाकटे भावंड झाल्याखेरीज कोणी थोरले होत नाही. पुढे दर एकदोन वर्षांनी नवा आयपॉड येत गेला, पण तो कितवा हे अंगावर छापण्याची पद्धत कंपनीने ठेवली नाही. तेव्हा ओळखायचे ते खाणाखुणांवरून.

या खुणा मोठ्या मजेदार आहेत. पहिल्या पिढीचे चाक बोटाने खरोखरच फिरते. २००२ च्या दुसऱ्या पिढीचे चाक दिसायला तसेच, पण ते जागचे हलत नाही. त्याला केवळ स्पर्श कळतो. समोरून काढलेल्या छायाचित्रात हे दोघे जुळे भाऊ वाटतील. फरक डोळ्यांना नव्हे, बोटाला कळतो. २००३ च्या तिसऱ्या पिढीत चार बटणे चाक सोडून पडद्याखाली एका ओळीत येऊन बसली. २००४ च्या चौथ्या पिढीत ती ओळ नाहीशी झाली आणि चाकच चार बाजूंना दाबता येऊ लागले. २००५ च्या ऑक्टोबरात पाचवी पिढी आली, तिचा रंगीत पडदा मोठा आणि त्यावर चलच्चित्रे दिसू लागली. २००७ मध्ये पुढची बाजू प्लॅस्टिकऐवजी धातूची झाली आणि यंत्राला 'क्लासिक' हे नाव मिळाले. त्याची विक्री २०१४ मध्ये थांबली. शेवटी २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आयपॉड टच हा प्रकारही बंद केल्याचे जाहीर केले आणि ही वंशावळ संपली.

कोणी म्हणेल, पाठीवर बारीक अक्षरांत क्रमांक असतो, तो वाचला की झाले! पण प्रकरण इतके सोपे नाही. 'ए १२३८' हा एकच क्रमांक २००७, २००८ आणि २००९ अशा तिन्ही वर्षांच्या क्लासिकवर आहे. मग गाणी साठवण्याची क्षमता पाहावी लागते. १२० गिगाबाइट असेल तर २००८ चा. १६० असेल तर जाडी पाहायची. जाड तो २००७ चा, बारीक तो २००९ चा. त्यातही हौशी मंडळी हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवतात, एकाची पाठ दुसऱ्याला लावतात. म्हणजे क्रमांकही खोटा पडू शकतो आणि क्षमताही. एका पुराव्यावर विसंबायचे नाही, सगळे पुरावे एकमेकांशी ताडून पाहायचे, विसंगती दिसली तर थांबायचे. हस्तलिखितांचे पाठभेद शिकवताना आपले अध्यापक दुसरे काय सांगतात? मला तर ती शिस्त पुस्तकातून नव्हे, या यंत्रांमुळेच अंगवळणी पडली.

पिढ्या क्रमाने मांडल्या की आणखी एक समज गळून पडतो. नवे ते नेहमी पुढचे, असे जाहिरात सांगते. वस्तू तसे सांगत नाहीत. २००९ च्या आयपॉड नॅनोत चलच्चित्रे टिपणारा कॅमेरा होता; २०१० च्या नॅनोत तो नाही. २०१० चा नॅनो चौकोनी झाला. २०१२ चा पुन्हा उभट. २००९ च्या आयपॉड शफलच्या अंगावरची गाणी बदलण्याची बटणे काढून ती इअरफोनच्या वायरवर नेली आणि पुढल्याच वर्षी ती मुकाट्याने परत अंगावर आली. तिसऱ्या पिढीतल्या त्या चार बटणांच्या ओळीचे आयुष्य तर सव्वा वर्षाचे. प्रगतीचा रस्ता सरळ नसतो, त्यात चुकलेली वळणे आणि माघारी येणे असते, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसले नाही.

"ठीक आहे, पण व्यवहारात उपयोग काय?" एक उपयोग सांगतो. २००५ च्या सप्टेंबरपासून २००६ च्या डिसेंबरपर्यंत विकलेल्या पहिल्या पिढीच्या नॅनोंपैकी काहींची बॅटरी अति तापून धोका होऊ शकतो, असे कंपनीने २०११ मध्ये जाहीर केले आणि ते नॅनो बदलून देण्याची योजना काढली. प्लॅस्टिकच्या तोंडाचा तो पहिला नॅनो आणि धातूच्या अंगाचा २००६ चा दुसरा नॅनो यांतला फरक ज्याला कळतो, तो जुना नॅनो सापडताच उत्साहाने चार्जिंगला लावणार नाही.

पण माझ्या दृष्टीने खरा उपयोग याहून वेगळा आहे. आमच्या आजोबांचा एक आयपॉड घरी आहे. त्यात भजने आणि नाट्यगीते भरलेली. आजोबा २००९ मध्ये गेले. "थोरल्या काकांनी अमेरिकेहून आणला, बापाची आठवण ठेवली पोरानं," असे घरात वर्षानुवर्षे कौतुकाने सांगितले जाते. काका त्या काळात एकदाच आले होते, २००३ मध्ये. गेल्या वर्षी तो आयपॉड मी हातात घेतला. मोठा रंगीत पडदा, प्लॅस्टिकचे तोंड, यादीत चलच्चित्रांचा पर्याय. पाचवी पिढी! २००५ च्या ऑक्टोबरापूर्वी ही वस्तू जगातच नव्हती. २००३ मध्ये ती काकांच्या बॅगेत असणे शक्यच नाही.

मग आणला कोणी? ते यंत्र सांगू शकत नव्हते, म्हणून माणसांना विचारले. आत्या तेव्हा मस्कतला एका इस्पितळात परिचारिका होती. २००६ च्या मे महिन्यात रजेवर आली तेव्हा तिने तो आणला होता. गाणीही तिनेच तिथल्या एका मैत्रिणीच्या मदतीने रात्री जागून भरली होती. "मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?" मी विचारले. "कुणी विचारलंच कुठं?" एवढेच ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली. काकांनी हे श्रेय कधी मागितले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. घरानेच ते त्यांच्या नावावर टाकले होते. मुलगा परदेशी, वस्तू परदेशी, तेव्हा हिशेब जुळला! मुलीचे नाव त्या हिशेबात कोणाच्या मनातही आले नाही.

म्हणून मला असे वाटते की, 'जुने आहे' हे वाक्य म्हणजे माहिती नव्हे; ती माहिती टाळण्याची सोय आहे. केव्हाचे, कोणते, कोणाचे, हे विचारले की त्या सोयीखाली दडपलेली माणसे वर येतात. ज्यांच्याबद्दल कोणी कागदावर लिहीत नाही, त्यांच्या बाजूने कधीकधी एखादी वस्तूच साक्ष देते. मात्र ती साक्ष वाचता आली पाहिजे.

आयपॉड ही महागडी परदेशी वस्तू होती, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती आलीच नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पद्धत आयपॉडची मिरासदारी नव्हे. रेडिओ, कॅसेटचा टेपरेकॉर्डर, आईचा बटणांचा पहिला मोबाइल, या प्रत्येकाला आपापल्या पिढ्या आहेत. येत्या दिवाळीत माळा झाडताना असे काही हाती लागले, तर भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी पाच मिनिटे थांबा. खुणा पाहा, साल ठरवा, घरातल्यांना विचारा आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: ही वस्तू कोणती, केव्हाची, कोणी आणली, कोण वापरीत असे. आणि विचारताना घरात सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसापासून सुरुवात करा.