बसणाऱ्याचं जर्किन

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला जे काका असतात, त्यांना आम्ही गेली पाच वर्षं दिवाळीला ब्लँकेट देत आलो. यंदा एका रात्री दोनच्या सुमाराला मी नाशिक रोड स्टेशनवरून घरी आले. गेट उघडायला काका खुर्चीतून उठले आणि ब्लँकेट फरशीवर घसरलं. गेट लावून ते परत येईपर्यंत त्यातली ऊब निघून गेली होती. "काका, थंडी फार वाजते का हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "ताई, राउंड मारताना नाही वाजत. बसलो की वाजते."

पाच वर्षांत हे आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, याची मला फार लाज वाटली.

त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण 100 वॉटच्या जुन्या बल्बाइतकी उष्णता देतं. झपाझप चालायला लागलं की तीच अडीच-तीन पट होते. कपडा स्वतः काही तापत नाही, तो आपलीच उष्णता आपल्यापाशी धरून ठेवतो. तेही लोकर किंवा कापूस धरत नाही, त्यांच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा धरते. म्हणून थंडीचा कपडा घेताना किती पैसे आहेत हे नंतर बघावं. आधी बघावं, माणूस त्या थंडीत काय करतो. बसतो, चालतो, गाडीवर असतो की पाण्यात उभा असतो?

काकांसाठी सोसायटीतल्या आम्ही तिघींनी मिळून 1,800 रुपये जमवले आणि मी शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात गेले. माल बहुतेक लुधियानाचा. पण विकणाऱ्या बायकांना कापडाची जाण इतकी, की हात लावून कशात काय भरलंय ते सांगतात. पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते टोपीला केसाळ झालर असलेलं, चार हजारांचं चकचकीत जर्किन. अंगात घालून मी तिथल्या स्टुलावर बसले, तर ते कमरेच्या वर सरकलं आणि पाठीचा खालचा भाग उघडा पडला. उभ्यानं आरशात बघून हे कळत नाही. बसणाऱ्यासाठी कोट घ्यायचा तर तो बसून बघायला हवा.

मग 1,400 रुपयांचं एक साधं, करडं, मांडीपर्यंत येणारं जर्किन निवडलं. निवडताना काय पाहिलं ते सांगते. कापड तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली आणि पलीकडे तळहात ठेवला. हाताला वारा लागला नाही. चेनच्या मागे कापडाची पट्टी होती. ती नसेल तर चेनच्या दातांतून वारा थेट छातीवर येतो. बाह्यांना मनगटाशी विणलेला पट्टा होता आणि कॉलर हनुवटीपर्यंत बंद होत होती. गळा, मनगटं आणि खालचा घेर ही तीन दारं उघडी राहिली, तर आतली तापलेली हवा बाहेर जाते आणि कितीही महाग भराव असला तरी उपयोग होत नाही. भराव पॉलिस्टरचा होता आणि मुठीत दाबून सोडला की पुन्हा फुगत होता. माप मात्र काकांच्या मापापेक्षा एक नंबर मोठं घेतलं. आत स्वेटर घालून वरचं जर्किन तंग झालं, तर दोन्हींतली हवा दबते आणि दोन कपडे घालूनही हुडहुडी जात नाही.

उरलेल्या 400 रुपयांत कानटोपी, लोकरीचे मोजे आणि खुर्चीसाठी फोमचा जाड तुकडा आला. फोम मला कोटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपण ज्यावर बसतो तिथला भराव आपल्याच वजनानं चपटा होतो आणि गार प्लॅस्टिक अंगातली ऊब खेचत राहतं.

दुचाकीवाल्यांचा प्रश्न निराळा. पहाटे पारा 10 अंशांवर असेल आणि गाडी ताशी 40 किलोमीटरनं चालली असेल, तर अंगाला ती थंडी 6 अंशांसारखी लागते. तिथे विणलेला जाड स्वेटर एकटा कामाचा नाही, कारण वारा त्याच्या आरपार जातो. साध्या स्वेटरवर पातळ विंडचीटर घातलं की काम होतं. आमचे वडील सायकलवरून कारखान्यात जाताना शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायचे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानं आजही हे करावं. कागद वारा अडवतो.

आणि निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याचं काय? डिसेंबर 2018 मध्ये निफाडच्या कुंदेवाडीला पारा दोन अंशांखाली गेला होता. असल्या गारठ्यात शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची, म्हणून माणसं अंधारात पाण्यात उभी राहून भरणं करतात. शेतीला दिवसा वीज मिळाली पाहिजे, हे मी याच सदरात पुन्हा पुन्हा लिहीन. ती मिळेपर्यंत एवढं तरी करावं, की अंगाला लागून सुती कपडा नको. सूत पाणी पितं, अंगाला चिकटतं आणि मग ऊब राहत नाही. पिसांचा भरावही ओला झाला की गोळा होऊन बसतो. पॉलिस्टरचा भराव भिजला तरी बराच टिकतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. धनगरांची घोंगडी मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसाथंडीत पांघरली, ती याच गुणामुळे.

पिसांचं जॅकेट कोरड्या, कडक थंडीत शोभतं. माझी भाची विनिपेगला शिकायला गेली. तिथे जानेवारीत पहाटे उणे वीस अंश ही नेहमीची गोष्ट आहे. तिला म्हटलं, इथून थर्मल आणि लोकरीचे मोजे ने, कोट तिथेच घे, वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून घेतलास तरी चालेल. बसथांब्यावर उभं राहायचं असतं, म्हणून मांड्या झाकणारा घे. टॅगवर लिहिलेल्या 'उणे तीस'वर फार विसंबू नकोस, कारण जॅकेटच्या या आकड्यांना सगळ्या कंपन्यांनी पाळावी अशी एकच मोजणी नाही.

जर्किन दिल्याला आठवडा झाला. काल पहाटे साडेपाचला फिरायला निघाले तेव्हा काका फोमवर बसले होते, चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, कानटोपी घातलेली. मी काही विचारायच्या आत तेच उठून जवळ आले. पेपर टाकणारा कॉलेजचा मुलगा नुकताच सायकल वळवून गेला होता, अंगात नुसता टी-शर्ट.

"त्याचं माप घेऊन ठेवलंय ताई," काका म्हणाले. "पण त्याला असलं जाड नको. तो घामाघूम होईल. वारा अडवणारं पातळ बघा, अन् हातमोजे."